म्हातारा जेवायला येतो

बाइंडरच्या दुकानात दर रविवारी सकाळी दहा वाजता कुणी ना कुणी मरायचं. कधी राजा, कधी राजाचा भाऊ, कधी नुसताच निरोप घेऊन आलेला बिचारा शिपाई. साडेअकराला चहा यायचा, आणि मेलेले सगळे बिस्किटं बुडवून खायचे. दहा वर्षं हे असंच चाललं होतं आणि शेजारच्या दुकानदारांनाही आता आतून किंकाळी ऐकू आली तरी काही वाटेनासं झालं होतं.

मंडळात माणसं पाच. शाळेतून निवृत्त झालेल्या भाषेच्या बाई या मुख्य. त्या कुठंही असल्या तरी मुख्यच असायच्या. मग कोपऱ्यावरचा केमिस्ट, ज्याला खलनायक वाचायला फार आवडायचं. इस्पितळातल्या सिस्टर, ज्या रात्रपाळी करून थेट यायच्या आणि तरीही सगळ्यांत जाग्या असायच्या. वायरमन, ज्याच्या आवाजानं ट्यूबलाइट हलायची. आणि ज्याचं दुकान, तो बाइंडर. जुनी, नावाजलेली नाटकं एकेक करून मोठ्यानं वाचायची, एवढाच उद्योग. नियम दोन, दोन्ही बाईंचे. पहिला, एकदा वाचलेलं नाटक पुन्हा वाचायचं नाही, कारण आयुष्य थोडं आणि नाटकं फार. दुसरा, प्रस्तावना वाचायची नाही. "नाटक आणि आपण. मध्ये तिसरा शहाणा नको," असं त्या म्हणायच्या. चौथी शहाणी त्या स्वतः होत्या, पण हे त्यांना सांगणार कोण?

मंडळाची सुरुवातही बाइंडरच्याच दुकानात झाली होती. त्या वर्षी त्याची बायको गेली होती. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. घर खायला उठायचं, म्हणून तो रविवारीसुद्धा दुकान उघडून बसायचा. बाई आपली फाटकी पुस्तकं शिवायला घेऊन आल्या, त्यांनी दुकान पाहिलं, रिकामी बाकं पाहिली, बाइंडरचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून आम्ही इथं वाचायला येतो. तुम्हाला चालेल ना?" चालेल की नाही हे विचारायच्या आधीच त्यांनी वार ठरवला होता. मग पुस्तकांच्या झेरॉक्स प्रती शिवायचं काम आपसूक बाइंडरकडे आलं. तो सातवीपर्यंत शिकलेला. वाचायला यायचं, पण नाटकाबद्दल बोलायचं म्हणजे आपलं काम नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. चौकीदाराचं नाहीतर माळ्याचं काम वाचायचं आणि गप्प बसायचं.

मग त्याच वर्षी गिरणीवाल्याचं नाटक आलं.

ते नाटक बाजारात कुठंच मिळत नव्हतं. वाचनालयाच्या कुलूपबंद कपाटात एकच जुनी प्रत होती. तिच्या पाच झेरॉक्स निघाल्या, बाइंडरनं शिवल्या आणि वाचन सुरू झालं. गोष्ट अशी की एक म्हातारा गिरणीवाला असतो. मुलांना गिरणी विकायची असते, म्हाताऱ्याला नसते. पुढं म्हातारा मरतो. घरात रडारड होते. आणि लगेच पुढच्या अंकात घरात मोठी पंगत बसते, आणि मधोमध तो म्हातारा! बसलेला. एक अक्षर बोलत नाही. घासाला हात लावत नाही. मुलं त्याच्याकडे बघत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत. फक्त धाकटी मुलगी त्याच्यापुढं ताट मांडते आणि भरलेलं ताट तसंच उचलून नेते.

सगळे चाट पडले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सिस्टरना तेवढी शंका आली होती. "बाई, इथं कंसात 'म्हातारा खोकतो' असं आहे. मेलेला माणूस खोकेल कसा?" बाई म्हणाल्या, "तो खोकला नाही सिस्टर, ती आठवण आहे." सिस्टरनी मान डोलावली. इस्पितळात त्यांनी एवढे खोकले ऐकले होते, पण आठवणीचा एकही ऐकला नव्हता.

"पण तो का येतो? मेलेला म्हातारा जेवायला का येतो?" बाईंनी सगळ्यांना विचारलं. आणि कोपऱ्यातून, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, बाइंडर बोलला.

"ताट मांडलं जातंय ना अजून? मग तो येणारच."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी ते वाक्य आपल्या प्रतीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं आणि खाली तारीख टाकली. पुढचे तीन रविवार नुसती त्या वाक्यावर चर्चा झाली. केमिस्ट त्या दिवसापासून त्याला 'समीक्षक' म्हणायला लागला. सुरुवातीला चेष्टेनं म्हणायचा, मग चेष्टा झिजून गेली आणि नाव राहिलं. "या समीक्षक, बसा." बाइंडरची छाती त्या हाकेनं दर वेळी बोटभर फुगायची. पुढच्या दहा वर्षांत तो पुष्कळ बोलला, बरं बोलला, पण बोलायची हिंमत आली ती त्या एका वाक्यानं. मुलीला फोनवर त्यानं ते वाक्य इतक्यांदा ऐकवलं होतं की जावयालाही ते पाठ झालं होतं.

आणि आता वाचनालयाच्या वर्धापनदिनाला बाईंचं भाषण ठरलं होतं. विषय गिरणीवाल्याचं नाटक. भाषणाचं नाव 'मग तो येणारच'. तसे फलक लागले होते. मुलगी खास येणार होती. बाइंडरनं सदऱ्याला इस्त्री करून तो आठवडाभर आधीच खुंटीला टांगून ठेवला होता.

भाषण रविवारी. त्याच्या आधीच्या मंगळवारी वाचनालयानं कपाटातली ती जुनी मूळ प्रत त्याच्याकडे डागडुजीला पाठवली. भाषणाच्या वेळी टेबलावर मांडायची होती, आणि लोकांना चाळून बघता यावी म्हणून नीट शिवून हवी होती.

बाइंडरनं जुना दोरा कापला, फर्मे, म्हणजे शिवायच्या पानांचे जुडगे, सुटे केले आणि सवयीप्रमाणं शिवण्याआधी पानांचे आकडे लावून बघायला लागला. एकसष्ट, बासष्ट. पान एकसष्टवर पंगत. अंक तिसरा. त्यानं पुढं बघितलं. त्र्याऐंशी. अंक चौथा. म्हातारा मरतो.

त्यानं पुन्हा बघितलं. मग चष्मा बदलून बघितलं. आकडे काही बदलले नाहीत. पंगत आधी होती. मरण नंतर होतं. पंगतीला म्हातारा जिवंत होता, धडधडीत जिवंत, आणि तो बोलत नव्हता कारण गिरणीवरून मुलांशी भांडून तो रुसून बसला होता! मुलंही फुगून बसली होती, म्हणून त्याच्याशी बोलत नव्हती. आणि त्याला खोकला झाला होता.

बाइंडर स्टुलावर बसला. हळूहळू दहा वर्षांपूर्वीची ती दुपार त्याच्या डोळ्यांपुढं आली. पाच अंकांचे झेरॉक्सचे पाच गठ्ठे त्यानं याच टेबलावर ओळीनं मांडले होते. प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक अंक उचलायचा, एकावर एक ठेवायचा, की एक प्रत तयार. चहा आला तेव्हा पेला ठेवायला जागा नव्हती. म्हणून त्यानं एक गठ्ठा उचलून पलीकडे सरकवला. तिसरा चौथ्याच्या पलीकडे गेला. पाचही प्रती तशाच शिवल्या. आणि झेरॉक्सच्या काळ्या कडा वाईट दिसतात म्हणून कटिंग मशीनवर वरून दोन बोटं कागद उडवला. पानांचे आकडे आणि 'अंक तिसरा', 'अंक चौथा' हे सगळं त्या दोन बोटांबरोबर रद्दीत गेलं. बायकोला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. त्याचं चित्त कुठं थाऱ्यावर होतं?

म्हणजे मेलेला म्हातारा कधी जेवायला आलाच नव्हता. त्याला जेवायला आणला होता बाइंडरनं, चहाच्या पेल्यासाठी.

आता हेही सांगायला हवं, कारण माणूस कितीही भला असला तरी माणूसच. त्याची नजर कटिंग मशीनकडे गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही एक प्रत तशीच उलटी शिवायची, वरून दोन बोटं कापायची, की झालं. जगात दुसरी प्रत नाही. असलीच, तर या गावात नाही. बाईंची लाज राखली जाईल, वाक्य राहील, 'समीक्षक' राहील. त्यानं फर्मे उचलले, तिसरा चौथ्याच्या खाली सरकवला, मशीनखाली कागद लावला आणि मूठ धरली.

चौतीस वर्षं त्यानं ती मूठ ओढली होती. लोकांच्या पोथ्या, वकिलांची बाडं, पोरांच्या वह्या, कुणाचं एक अक्षर त्यानं जाणूनबुजून कापलं नव्हतं. हात खाली जाईना. "नाही रे बाबा," तो स्वतःलाच मोठ्यानं म्हणाला, आणि कागद बाहेर काढला. मग त्यानं पुस्तक शिवलं. बरोबर क्रमानं, दुहेरी दोऱ्यानं, नवा पुठ्ठा घालून. इतकं सुबक पुस्तक त्यानं बऱ्याच वर्षांत शिवलं नव्हतं, आणि शिवताना त्याला अगदी रडू येत होतं.

बुधवारी तो ते घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला. बाई भाषणच लिहीत होत्या. चोवीस पानं झाली होती.

"बाई, आकडे बघा," एवढंच त्याला बोलता आलं.

बाईंनी उभ्या उभ्या पानं उलटली. मग खुर्चीवर बसून उलटली. मग पुस्तक मिटलं.

"म्हणजे तो रुसला होता?"

"हो बाई."

"दहा वर्षं मी या माणसाला भूत समजून त्याच्यावर विचार करतेय, आणि हा मेला नुसता रुसलाय?"

"चूक माझी आहे बाई. मी गठ्ठा सरकवला. चहा ठेवायचा होता."

बाईंचं नाक लाल झालं. शाळेत असं नाक लाल झालं की पोरं बाकाखाली जायची, असं म्हणतात. "चहा!" त्या म्हणाल्या. "रविवारी अख्खं गाव येणार आहे. फलक लागलेत. आणि तुम्ही मला चहा सांगताय? जा तुम्ही, बाइंडर. आत्ता जा."

तो गेला. वाटेत तो फलक दोनदा दिसला. दोन्ही वेळा त्यानं रस्ता ओलांडला. घरी येऊन मुलीला फोन केला आणि म्हणाला, "अगं, तू नाही आलीस तरी चालेल."

"का? बाबा, काय झालं?"

त्यानं सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "तिकीट काढलंय मी. येणार आहे. आणि तोच इस्त्रीचा सदरा घालायचा."

शुक्रवारी संध्याकाळी दुकानाचं दार वाजलं. बाई होत्या, आणि त्यांच्यामागं केमिस्ट, सिस्टर, वायरमन. मंडळ शुक्रवारी कधी जमत नसे. बाईंनी बाइंडरकडे बघितलं नाही. वाचनालयाची प्रत टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "नियम मोडायचाय. अंक तिसरा. वाचा."

एकाच पुस्तकावर चार डोकी वाकली आणि वाचन सुरू झालं. पाचवं डोकं, म्हणजे बाइंडर, पुठ्ठ्यांच्या ढिगामागं उभं होतं. पंगत बसली. मुलगी ताट मांडते. म्हातारा बोलत नाही. मोठा मुलगा धाकट्याला म्हणतो, बाबांना सांग भाजी घ्या. धाकटा म्हणतो, तूच सांग. दहा वर्षांपूर्वी हेही बाईंनी आठवणीतच जमा केलं होतं.

"थांबा थांबा," वायरमन ओरडला, आणि ट्यूबलाइट हलली. "त्या वेळी म्हातारा मी होतो. दोन तास मी भुतासारखा बसलो होतो! पापणी हलवली नव्हती! नुसतं रुसून बसायचं होतं होय? ते तर मला घरी रोज जमतं."

"आणि खोकला!" सिस्टर टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "मी सांगत होते! त्याला खोकला झाला होता! चौथ्या अंकात मरतो तो त्यानंच मरतो. लिहिलंय इथं, थंडी वाजून ताप. दहा वर्षांपूर्वी औषध दिलं असतं तर वाचला असता."

"माझ्याकडे होतं," केमिस्ट गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "कुणी चिठ्ठी आणलीच नाही."

मग मात्र आवरेना. सिस्टर डोळे पुसायला लागल्या. वायरमन बाकावर आडवा झाला. बाई सगळ्यांत शेवटी हसल्या, पण हसल्या त्या अशा की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुठ्ठ्यांमागं बाइंडरचा जीव भांड्यात पडला, तरी अर्धाच. हसण्यात त्याचं वाक्य कुठं वाहून गेलं, हे त्यानं पाहिलं होतं. आपण पुन्हा चौकीदार आणि माळी, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला मनापासून वाईट वाटलं.

जाताना बाई दारात थांबल्या. "बाइंडर, एक विचारायचंय. आत्ता उत्तर नको, रविवारी द्या. ते वाक्य नाटकात नव्हतं. म्हातारा जिवंत होता, तर नाटकात ते असेलच कसं? मग तुम्हाला ते सापडलं कुठं?"

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला. बाइंडर मागच्या रांगेत बसायला निघाला होता, पण मुलीनं दंडाला धरून त्याला दुसऱ्या रांगेत आणून बसवलं. टेबलावर ते पुस्तक होतं, नव्या पुठ्ठ्यात. बाई उभ्या राहिल्या. चोवीस पानं त्यांनी आणलीच नव्हती.

त्यांनी सगळं सांगितलं. गठ्ठे, पेला, दोन बोटं कागद, आठवणीचा खोकला. स्वतःला तर त्यांनी जरासुद्धा सोडलं नाही. "प्रस्तावना वाचायची नाही, हा नियम माझा. ती वाचली असती तर दुसऱ्याच ओळीत कळलं असतं," असं त्या म्हणाल्या तेव्हा हॉल हसून हसून दमला होता. बाइंडर मात्र आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला होता.

"आता राहिलं भाषणाचं नाव," बाई म्हणाल्या. "ते मी बदललेलं नाही. कारण ते वाक्य ज्यांचं आहे त्यांना मी एक प्रश्न विचारलाय. बाइंडर, सांगताय ना?"

तो उभा राहिला. उभं राहिल्यावर बसणं सोपं नसतं, म्हणून तो बोलला.

"त्या वर्षी माझी बायको गेली होती," तो म्हणाला. "मी दोन ताटं मांडायचो. एक माझं, एक तिचं. सवयीनं म्हणा, नाहीतर... सवय नव्हती ती. मला माहीत होतं मी काय करतोय ते. ताट मांडलं की ती समोर बसल्यासारखी वाटायची. जेवायची नाही, बोलायची नाही. पण असायची. बाईंनी विचारलं, म्हातारा का येतो, तर मला माहीत होतं ना. मी नाटकातलं नाही सांगितलं. घरचं सांगितलं."

या वेळी हॉलमध्ये कुणी हसलं नाही. बाईंनी फक्त मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवायच्या तशी. आणि केमिस्ट, ज्याला कुठं काय बोलावं हे कधीच कळलं नाही, शेजारच्या माणसाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमचे समीक्षक आहेत ते."

मग टाळ्या वाजल्या. मुलीनं बापाचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

दुपारी मंडळ बाइंडरच्या घरी जेवायला होतं. दहा वर्षांत पहिल्यांदाच. दुकानापलीकडे त्यानं कुणाला कधी बोलावलंच नव्हतं. स्वयंपाक त्यानं पहाटे उठून स्वतः केला होता. मुलीनं भिंतीकडे रांगेत ताटं मांडली आणि मोजली. बाई, केमिस्ट, सिस्टर, वायरमन, बाबा, ती. माणसं सहा आणि ताटं पाच.

"बाबा, एक कमी पडतंय," ती म्हणाली आणि जीभ चावली. सहावं कुठं आहे हे तिला माहीत होतं. वरच्या फळीवर, भिंतीला टेकवून उभं. बायकोचं ताट. मांडणं त्यानं कधीच बंद केलं होतं, पण त्यात दुसरं कुणी जेवलं नव्हतं. "राहू द्या, मी मागून बसते," ती घाईनं म्हणाली.

"कशाला?" बाइंडर म्हणाला.

त्यानं स्टूल ओढलं, वर चढला आणि ताट खाली काढलं. त्यावरची धूळ आधी हातानं पुसली, मग नळाखाली धरून स्वच्छ घासलं, मग धुतलेल्या फडक्यानं कोरडं केलं. बाइंडरनं ते ताट बाईंच्या पुढं मांडलं आणि वाढलं.

बाईंनी ताटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. त्यांचं नाक पुन्हा लाल झालं होतं, पण या वेळी रागानं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि जेवायला लागल्या. दोन घास खाल्ले.

"बाइंडर," त्या म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी आहे."

आणि बाइंडर हसत हसत मीठ आणायला उठला.